अप्पांसाठी हरळी

वाळूमिश्रित जमिनीत पाणी चटकन मुरते, हे वाक्य मी आठवीच्या वर्गाला बावीस वर्षं शिकवलं. त्यावर गाळलेल्या जागा काढल्या, जोड्या लावायला दिल्या, आणि 'चटकन'च्या ऐवजी 'पटकन' लिहिणाऱ्या मुलांचा अर्धा गुण कापला. त्या सगळ्या मुलांची मी माफी मागतो. पाणी चटकनही मुरत नाही आणि पटकनही मुरत नाही. निदान सोलापुरात, शिवदर्शन गृहनिर्माण संस्थेच्या अकरा नंबरच्या बंगल्यासमोर, एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर ते अजिबात मुरत नव्हतं.

'बंगला' हा शब्द संस्थेच्या कागदांतला. प्रत्यक्षात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि पुढे चारपाच खाटा मावतील एवढं अंगण. सोलापूरची जमीन काळीभोर, हे मी नकाशावर छडी ठेवून कितीदा दाखवलं असेल. पण आमची संस्था वसली ती एका जुन्या ओढ्याच्या वाटेवर, त्यामुळे आमच्या अंगणात निव्वळ वाळू होती. कडेनं कुणीतरी नीलगिरीची रांग लावलेली. तिचा पाला त्या वाळूत वर्षानुवर्षं पडून कुजत होता, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती अप्पांच्या चपलेपासून.

माझे वडील चनमल्लप्पा, आमचे अप्पा, गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम, होते. अडतीस वर्षं फरशीवर उभे राहून त्यांनी दुसऱ्यांच्या विणीतली चूक पकडली. त्या दिवाळीत ते सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले आणि एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं पडली असं माझ्या बायकोनं, दाक्षायणीनं, विचारलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि उठून गेलेल्या पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "ती कधी गेली?"

डॉक्टरांनी लघवी तपासली, मग पायाला टाचणी टोचून पाहिली. साखर होती, आणि ती बऱ्याच वर्षांची असावी असं ते म्हणाले. घोट्याखाली अप्पांना काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि दोन गोष्टी सांगितल्या. अनवाणी चालायचं नाही, आणि रोज तळपाय बघायचे. मी मान डोलावली. वर्गातली मुलं जशी मान डोलावतात तशीच ती डोलावली होती, हे आता कळतं.

कारण त्याच संध्याकाळी कल्लप्पा आले. कल्लप्पा आमच्या संस्थेचे सेक्रेटरी आणि निवृत्त कंपाउंडर. डॉक्टरांच्या शेजारी तीस वर्षं बसल्यामुळे डॉक्टरांना काय काय कळत नाही याची त्यांच्याकडे पक्की माहिती होती. त्यांनी अप्पांचे पाय दाबून पाहिले आणि सांगितलं की शिरा झोपल्यात. त्यांना उठवायला एकच उपाय, पहाटेच्या दवात हिरवळीवर अनवाणी चालणं. चाळीस दिवसांत पायाला मुंगी चावलेली कळेल. अशा एका माणसाला त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्याचं नाव आठवत नव्हतं.

अप्पांनी जन्मात आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "हिरवळ असती तर बघितलं असतं."

एवढंच. पण भूगोलाच्या शिक्षकाच्या बापाला वीतभर हिरवळ मिळू नये, हे मला लागलं. हरळी हे गवत असं आहे की शेतकरी तिला मारता मारता म्हातारा होतो. मी तर तिला जगवणार होतो. दोन आठवड्यांचं काम, असं मी दाक्षायणीला सांगितलं.

शेजारच्या दहा नंबरमध्ये महिपती राहायचे. एसटीत कंडक्टर, गाव बार्शीकडे. त्यांनी गावाहून पोतंभर हरळीच्या मुळ्या आणून दिल्या. 'आमच्या धाकट्या भावाला सांगितलं, गुरुजींना हरळी पायजे. त्यो बसलाय अजून हसत,' हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मी रविवारी दोरी धरून, ओळी आखून मुळ्या लावल्या आणि पहिली बादली ओतली.

पाणी जमिनीवर पडलं आणि गोळा झालं. काचेच्या गोट्यांसारखे थेंब वाळूवरून घरंगळत निघाले. दुसरी बादली ओतली, तिनं पहिलीची वाट धरली. चौथी बादली फाटकाखालून बाहेर पडली आणि महिपतींच्या बायकोनं गोणपाटावर वाळत घातलेल्या सांडग्यांपर्यंत पोचली. मी बोटानं वाळू उकरली. अर्ध्या बोटाखाली ती पिठासारखी कोरडी होती.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड तासभर यायचा. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, आणि घरातलं प्रत्येक भांडं अजून पाणी साठवायच्या सवयीचं होतं. दाक्षायणी दारात उभी राहून चार बादल्या रस्त्यावर जाताना बघत होती. त्या दिवशी तिनं मला आंघोळीला फक्त तांब्याभर पाणी दिलं.

महिपती सांडगे उचलून झाल्यावर आले. त्यांनी जमिनीवर हात फिरवला, चिमूटभर वाळू उडवून पाहिली आणि निदान केलं.

"गुरुजी, तुमची जमीन तानेल्याली न्हाय, रुसल्याली हाय. तिला भोकं पाडा. वरनं घीत न्हाय तर आतनं पाजायचं."

मी जुन्या छत्रीची दांडी काढली आणि दोन संध्याकाळी वाकून अंगणभर भोकं पाडली. येणारेजाणारे फाटकाशी थांबायचे. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं काही हरवलंय का असं सहानुभूतीनं विचारलं. भोकांत पाणी गेलं, हे मान्य. पण ते कुठे गेलं ते कळलं नाही. भोकांच्या मधली वाळू कोरडी ती कोरडीच. तिसऱ्या दिवशी संस्थेची नोटीस आली, सेक्रेटरी कल्लप्पांच्या सहीची. अकरा नंबरच्या सभासदानं विनापरवाना खोदकाम केल्याचं निदर्शनास आलं असून तीन दिवसांत खुलासा करावा. खोदकाम ज्यांच्या सल्ल्यानं सुरू झालं त्यांच्याकडेच मी खुलासा लिहून दिला. भोकाचा व्यास अर्धा इंच, असंही त्यात नमूद केलं. कल्लप्पांनी तो नाकावर चष्मा ओढून वाचला, पोच दिली, आणि हिरवळीचं कुठवर आलं असं आपुलकीनं विचारलं.

उपाय सापडला तो दाक्षायणीला. शनिवारी ती न्हायला बसली होती. बाहेर येऊन, केस पंच्यात गुंडाळत, ती मला म्हणाली की तेल थापलेल्या डोक्यावर नुसतं पाणी ओतलं तर तेही असंच ओघळतं. शिकेकाई, रिठा लावल्याशिवाय ते केसांत शिरत नाही. तुमच्या वाळूचं डोकं तेलकट झालंय.

मी हसलो. मग अंगणात जाऊन नीलगिरीचं एक पान चुरगळलं, बोटं एकमेकांवर घासली, आणि हसायचा थांबलो. इतक्या वर्षांचा तो पाला वाळूच्या कणाकणावर तेल चढवत आला होता. माझ्या पुस्तकात या गोष्टीचा उल्लेख नव्हता. बायकोच्या डोक्यात होता.

आम्ही रिठे भिजवले, उकळले, त्यांचं पाणी झारीत भरून हळूहळू शिंपडलं. थेंब पडला, क्षणभर गोल राहिला, आणि मग पसरून आत गेला. अप्पा पायरीवर बसले होते. "पिलं की," ते म्हणाले. लग्नातसुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. त्या भरात मी उरलेलं सगळं रिठ्याचं पाणी एकदम ओतलं. त्याचा फेस झाला, फेस फाटकाबाहेर गेला आणि उतारावरच्या एक नंबरपर्यंत, म्हणजे सेक्रेटरींच्या दारापर्यंत, पोचला. दुसरी नोटीस 'सांडपाणी' या शीर्षकाखाली होती.

पण हरळीला कोंब फुटले. आठ दिवस फुटले, आणि मग सुकले. वाळू आता पाणी प्यायची, पण पोटात ठेवायची नाही. सकाळी दिलेलं दुपारपर्यंत खाली निघून जायचं. तिला गाळ हवा होता, तळ्याच्या तळाचा चिकट काळा गाळ. तो कुठून मिळतो याची चौकशी करत मी एका कचेरीत पोचलो. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी नियमाबाहेर काहीच केलं नाही. मला एक अर्ज मिळाला. त्यात गट नंबर, पीक, आणि बैलांची संख्या विचारली होती. मी बैलांपुढे शून्य लिहिलं, आणि पिकापुढे हरळी.

तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी पिकाचा रकाना दोनदा वाचला. आपण शेतकरी आहात का, असं विचारलं. मी शिक्षक आहे असं सांगितलं. त्यांनी खरोखर वाईट वाटून उत्तर दिलं, "मग शिक्षकांना गाळ नाही हो."

मी तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला चहा पाजला आणि त्यांच्या मुलाच्या भूगोलाच्या वहीवर मत विचारलं. गाळ मिळाला नाही. इकडे अप्पा रोज पहाटे उठून, अंगणाच्या कडेला उरलेल्या चार हिरव्या झुपक्यांवर पाय टाकत फेऱ्या मारायचे. तिथून कोरड्या वाळूत, वाळूतून पुन्हा झुपक्यावर. मी खिडकीतून बघायचो. काही कळतंय का असं एकदा विचारलं, तर त्यांनी हात हलवून 'होईल हळूहळू' अशी खूण केली. डॉक्टरांनी सांगितलेले तळपाय मी पहिले दहा दिवस बघितले. नंतर हरळी बघत होतो.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उलगडली त्या आठवड्यात महिपतींनी एका ओळखीच्या गाडीवाल्याकडून उकिरड्याचं कुजलेलं खत आणि त्यातच मिसळलेली काळी माती मिळवली. बैलगाडी फाटकाशी रिकामी झाली. खत चांगलं होतं, काळं, भुसभुशीत, पण उकिरड्यात गाव जे टाकतं ते सगळं त्यात होतं. खिळे, चिंध्या, बांगड्यांचे तुकडे, फुटलेल्या चिमणीची काच. चाळून घ्या, महिपतींनी बजावलं. मला बजावायची गरज नव्हती. मी गव्हाची मोठी चाळण घेतली आणि शनिवारी दुपारपासून घमेलं घमेलं चाळत बसलो. दाक्षायणी चाळणीकडे बघून म्हणाली की ही आता घरात येणार नाही. मी काचा एका डब्यात साठवत होतो. डबा निम्मा भरला तेव्हा अप्पांना दाखवला, मार्कांचा कागद दाखवावा तसा.

रविवारी सूर्य मावळायला आला तेव्हा दोन घमेली उरली होती. माझी पाठ मोडली होती. सोमवारी शाळेत तपासणी होती, टाचणवही अपुरी होती. इतक्या घमेल्यांत जे निघायचं ते निघालं, आता या दोनांत काय असणार, असं मी मनाशी म्हटलं. ती दोन घमेली मी तशीच तुळशीच्या बाजूच्या कोपऱ्यात पसरली, वरून हात फिरवला, पाणी दिलं, आणि आत जाऊन 'पाठाची उद्दिष्टे' लिहायला बसलो.

हे मी फार दिवस कुणाला सांगितलं नाही.

तपासणी उत्तम झाली. तपासनिसांनी माझ्या मृदेच्या तक्त्याची स्तुती केली. खतानं पाणी धरलं, हरळीनं पंधरा दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यानं जमीन धरली, आणि सर्वांत आधी धरली ती तुळशीजवळ. साहजिकच अप्पा तिथं फेऱ्या मारू लागले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते आत आले, खुर्चीवर बसले, आणि मी दाढी करता करता आरशातून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा मला, बसवराजला, लहानपणच्या हाकेनं म्हणाले, "बसू, आज पायाला गार लागलं बघ."

मी तोंडाला फेस असताना वळलो. दाक्षायणी चहाची कपबशी घेऊन येत होती. मला वाटलं ती आनंदानं थांबली. तिची नजर मात्र फरशीवर होती. दारापासून खुर्चीपर्यंत उजव्या पायाचे ठसे उमटले होते, एकेक सबंध, पाचही बोटांसकट, लाल.

बांगडीचा हिरवा तुकडा टाचेच्या पुढे तळव्यात रुतला होता. अप्पा खाली वाकून तो बघत राहिले. दुखतं का, असं विचारण्यात अर्थ नव्हता. मी पाय धुतला, कल्लप्पांना बोलावलं, त्यांनी तुकडा काढून आयोडीन लावलं. डॉक्टरांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी मला अनवाणी चालण्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जखम भरली नाही. आठवड्यात पाय काळानिळा पडला, अप्पांना ताप चढला. इस्पितळात डॉक्टरांनी आधी दोन बोटं कापली. मग, मार्चच्या सुरुवातीला, गुडघ्याखालून पाय घेतला. संमतीच्या कागदावर मी सही केली. कागदावर नातं लिहायचा रकाना होता. तिथं 'मुलगा' लिहिताना माझं अक्षर इतकं सुंदर आलं की मी कागद पालथा घालून परत दिला.

अप्पा वॉर्डात कधी कण्हले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते पंच्याचं सूत कसं ओळखायचं ते शिकवत होते. मी शाळा सुटली की जाऊन बसायचो. मनात रोज तेच, की आज सांगायचं. दोन घमेली, एवढंच वाक्य. मग मी मोसंबी सोलायला घ्यायचो.

इकडे अंगणाकडे बघायला मला सवड नव्हती आणि इच्छाही नव्हती. दाक्षायणी तिकडची खिडकी लावून घ्यायची. हरळी वाळून जावी असं मला वाटत होतं. पण महिपती त्यांच्या आणि आमच्या घरचं आंघोळीचं, कपड्यांचं पाणी साठवून रोज ड्युटीला जाण्याआधी झारीनं देत होते. मी नको म्हटलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हाताऱ्यानं चालून ठेवल्यालं गवत हाय गुरुजी. मी न्हाय वाळू देणार."

मार्चचं ऊन हरळीला मानवतं. अप्पांना मी चैत्रात टांग्यातून घरी आणलं तेव्हा अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार होतं. सबंध कॉलनीत तेवढाच एक हिरवा तुकडा. लोक फाटकाशी थांबायचे, बायका मुलांना घेऊन यायच्या. त्याच आठवड्यात संस्थेचा तिसरा कागद आला. मी तो नोटीस समजून फोडला. तो ठराव होता. सभासद श्री. बसवराज गुरुजी यांनी वाळवंटासमान जमिनीवर आदर्श हिरवळ फुलवल्याबद्दल संस्था त्यांचे अभिनंदन करीत असून, वार्षिक सभेत त्यांनी या विषयावर सर्व सभासदांस मार्गदर्शन करावे. खाली कल्लप्पांची सही होती. हा कागद द्यायला ते स्वतः आले नव्हते. इस्पितळानंतर ते आमच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे.

अप्पांनी कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. मग मला विचारलं, "काय सांगणार सभेत?"

मी त्यांच्या कुबड्यांकडे बघत होतो. आणि मग एकदाचं बोललो. रविवार, दोन घमेली, तपासणी, टाचणवही, सगळं. चाळली नव्हती, असं शेवटी म्हटलं. दाक्षायणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही हे तेव्हाच कळलं.

अप्पांनी कागद मांडीवर ठेवला आणि तळव्यानं सपाट केला. शिक्षकाला मुलांच्या शांततेची सवय असते, बापाच्या नसते.

"मला कधीच काही कळलं न्हाई त्या गवतावर," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं. डॉक्टरनं सांगितलेलं मलाबी ऐकू आलं होतं. चप्पल घालून फिरलो असतो. पण तू खिडकीत उभा राहायचास."

"आणि त्या दिवशी? गार लागलं म्हणालात ते?"

"किती दिवस झाले होते. तुझं तोंड वाळलं होतं. म्हटलं, सांगावं एकदा."

त्यांनी ठरावाच्या कागदाची घडी घातली, नीट, कडेला कड लावून. मग त्यांनी मला हात धरायला सांगितला. दाक्षायणीनं दुसऱ्या बाजूनं धरलं. आम्ही त्यांना पायऱ्या उतरवून अंगणात नेलं आणि हळूच गवतावर बसवलं. महिपतींनी नुकतंच पाणी दिलं होतं, वर एक थेंब दिसत नव्हता. अप्पांनी बाही मागे सारली, तळवा हरळीवर टेकवला, आणि बोटं पसरून कापडाची वीण तपासावी तसा तो गवतावरून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत फिरवला.

"हाताला कळतंय की," ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. दाक्षायणी मागच्या दारी जाऊन चाळण घेऊन आली, तीच, जी घरात येणार नव्हती. ती तुळशीच्या कोपऱ्यात बसली आणि बोटांनी गवताची मुळं बाजूला करत माती चाळू लागली. थोड्या वेळानं मीही सरकून तिच्यासमोर बसलो. ऊन पायरीवर येईपर्यंत आम्हांला आणखी अकरा तुकडे सापडले. अप्पा ते एकेक हातात घेऊन बघत होते आणि आपल्या धोतराच्या सोग्यात ठेवत होते.